एकट्याला पेटी मिळणार नाही

माझ्या थोरल्या साडूंसारखा दुकानदार सबंध छत्तीसगडात दुसरा नसेल, आणि नाही तेच बरं आहे, कारण गिऱ्हाईक एकटं आलं तर ते त्याला माल विकत नाहीत. सदर बाजारात एक सराफ आणि एक बांगडीवाला यांच्या मधल्या फटीत त्यांचं हार्मोनियमचं दुकान होतं. फट हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. आत शेवटी बसलेल्या माणसाला बाहेर पडायचं असेल तर अलीकडच्या सगळ्यांना उठून रस्त्यावर यावं लागे, आणि रस्त्यावर दुचाक्यांची गर्दी अशी की मंडळी पुन्हा आत शिरत तेव्हा त्यांच्यात एखादा अनोळखी माणूसही मिसळलेला असे. पाटीवर साडूंच्या वडिलांचं नाव होतं आणि त्यापुढे ‘अँड कंपनी’. वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या पेट्या दुरुस्त करू लागले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान काढलं. त्यातली कंपनी म्हणजे नेमकं कोण, हे त्यांनी मुलाला सांगितलं नाही आणि मुलाने विचारलं नाही.

गिऱ्हाईक बहुतेक खेड्यांतलं. रायपूरच्या आसपास गावोगावी रामायण म्हणणाऱ्या मंडळ्या आहेत, नवरात्रात देवीची गाणी म्हणणारे आहेत, रात्रभर नाचाचे खेळ करणाऱ्या पार्ट्या आहेत, आणि यांना सगळ्यांनाच पेटी लागते. साडूंचा नियम असा की ज्यांच्यात ती पेटी वाजणार आहे ते सगळे आले पाहिजेत, बाकावर बसले पाहिजेत, पाणी प्यायले पाहिजेत, एक अख्खं गाणं म्हणायला पाहिजे आणि मग त्या गळ्यांना मानवेल ती पेटी साडू काढून देणार. एकटा माणूस आत आला की ते मान वर न करता विचारत, ‘‘बाकीचे कुठी हायेत?’’ बाकीचे नाहीत म्हटलं की पाणी मिळे, चहा मिळे, पेटी मिळत नसे. मी एकदा या नियमाचं कारण विचारलं. ‘‘साडूभाऊ,’’ ते म्हणाले, ‘‘एकटा माणूस पेटी नेते, पंधरा दिवस वाजवते, मंग तिच्यावर टॉवेल वाळू घालते. मी डोयानं पाह्यलं हाये.’’

या नियमातून कोणाचीही सुटका नव्हती. नव्या रायपुरात मी ज्या कार्यालयात नोकरी करतो तिथले एक मोठे साहेब निवृत्तीनंतर संगीत शिकणार होते. मी आपलेपणाने त्यांना साडूंचा पत्ता दिला आणि तेव्हापासून माझी पदोन्नती का रखडली हे मला कोणाला विचारावं लागलेलं नाही. साहेब एकटे गेले. त्यांना चहा मिळाला. दुसऱ्या आठवड्यात ते बायकोला आणि सासूबाईंना घेऊन गेले. साहेबांचा गळा लागेना, बाईसाहेबांनी गायला साफ नकार दिला, आणि ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंनी मात्र डोळे मिटून असं काही भजन म्हटलं की शेजारचा सराफ तराजू सोडून दारात आला. साडूंनी सासूबाईंच्या पट्टीतली पेटी बांधून दिली. साहेब अजून त्याच पट्टीत गाण्याचा प्रयत्न करत असतात असं ऐकतो.

पट्टी हा त्यांचा दुसरा विकार. गिऱ्हाइकांची नावं त्यांना आठवत नसत. ‘बेमेतऱ्याची काळी एक’, ‘राजिमकडची पांढरी चार’ अशी माणसं त्यांच्या डोक्यात राहत. मोबाइल नंबर कधी कोणाचा घेतला नाही. ‘‘दुकान जागेवर हाये ना? मंग नंबर काहाले पाह्यजे?’’ स्कूटर घ्यायला गेले तेव्हा शोरूममधल्या प्रत्येक गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला, मायलेज विचारलं नाही. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, हौसेने नवा मिक्सर आणला तर तो घरातल्या पंख्याशी बेसूर लागतो म्हणून परत करायला लावला. ताईंनी मिक्सर ठेवला आणि पंखा बदलला. त्या घरात वाद असे मिटतात. माझ्याबद्दल त्यांचं मत असं की माणूस चांगला आहे पण बोलतो वरच्या पट्टीत, त्यामुळे खरं बोलला तरी तक्रार वाटते.

असा माणूस वेबसाइटच्या भानगडीत पडायचं कारण नव्हतं. वास्तविक कंपनीची एक वेबसाइट आधीपासून होती. कोण्या भाच्याने कॉलेजात असताना करून दिलेली. कुठलातरी तयार साचा उचलून त्याने त्यात नाव तेवढं बदललं होतं. ‘आमचे सहकारी’ या सदरात चार गोरे पुरुष आणि कानाला यंत्र लावलेली एक सोनेरी केसांची बाई हसत उभी होती. ‘आमच्या सेवा’मध्ये लाकडी फरशी बसवून मिळेल असं लिहिलेलं होतं. नकाशावरची खूण दुकानावर न बसता शहरातल्या एका तलावाच्या मधोमध बसली होती, आणि धमतरीकडची एक मंडळी तिच्यामागे जात खरोखर काठापर्यंत पोचली होती. साडूंनी ही वेबसाइट उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली. बराच वेळ त्या सोनेरी केसांच्या बाईकडे बघून म्हणाले, ‘‘हिले पगार कोण देऊन राह्यलं?’’

मग दुकानाच्या इमारतीचा मालक गेला, त्याच्या मुलांनी ती जुनी इमारत पाडून तिथे मोठं व्यापारी संकुल उभं करायचं ठरवलं, आणि सगळ्या भाडेकरूंना दिवाळीपूर्वी जागा सोडायला सांगितलं. साडूंना नवी जागा परवडण्यासारखी नव्हती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांचं घर आहे, तिथल्या खालच्या खोलीत सामान हलवायचं ठरलं. त्यांना स्वतःच्या धंद्याची फारशी काळजी दिसली नाही. काळजी वेगळीच होती. ‘‘साडूभाऊ, मंडळी बसनं येते. अर्धा दिवस जाते त्याईचा. येतीन, पाडलेलं दुकान पाह्यतीन, आन् परत जातीन. त्याईले वाटन, मेला बुढा.’’ हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. माणसं दारापर्यंत येऊन परत जातील, याची त्यांना अशी धास्ती बसली होती की ते जेवताना मध्येच थांबत.

वेबसाइट पुन्हा पहिल्यापासून करायची कल्पना ताईंची. त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीची मुलगी श्रेया नव्या रायपुरात एका कंपनीत हेच काम करते. मराठी घरातली मुलगी, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. पहिल्या बैठकीला मला सरकारी अनुभवी माणूस म्हणून बोलावलं होतं. माझा अनुभव असा की आमच्याकडे पोर्टलची उद्घाटनं होतात. पोर्टल होतंच असं नाही. हा अनुभव त्या दिवशी कोणी विचारला नाही.

‘‘अंकल, होमपेज पर सबसे पहले क्या दिखना चाहिए?’’ श्रेयाने विचारलं.

‘‘बाक,’’ साडू म्हणाले.

‘‘बाक मतलब... बेंच?’’

‘‘माणूस आला तं पह्यले बसन का नाई? का उभ्यानंच खरेदी करन?’’

पुढचे दोन-तीन महिने त्या मुलीने जे सोसलं त्याबद्दल तिला कोणीतरी शाल द्यायला हवी. खरेदीच्या टोपलीचं चित्र साडूंनी काढायला लावलं, कारण पेटी म्हणजे भाजी नव्हे. चांदण्या देऊन मत नोंदवायची सोय काढायला लावली, कारण मत तोंडावर द्यायचं असतं. ‘ही वस्तू घेणाऱ्यांनी हेही घेतलं’ असं दिसणार आहे हे कळल्यावर तर ते खरोखर चिडले. ‘‘त्यानं काय घेतलं हे याले काहून सांगायचं? चुगली हाये ही!’’ आपोआप उत्तरं देणारी एक यंत्रबाई श्रेयाने हौसेने बसवली होती. साडूंनी तिला ‘सा लाव’ असं लिहून पाठवलं. यंत्रबाईने आपण अधिक माहिती द्यावी अशी विनंती केली. साडूंनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. ‘आमच्याविषयी’ या पानासाठी कंपनीत कोण कोण आहे असा प्रश्न आला तेव्हा ते थोडे अडखळले, मग म्हणाले, ‘‘मी हावो. आन् कंपनी म्हणशीन तं ही.’’ ताई पोळ्या लाटत होत्या. ‘‘मले आजच समजून राह्यलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तीस वर्षांचा पगार काढा आता.’’

पेट्यांचे आवाज रेकॉर्ड करायला श्रेया चांगला माइक घेऊन दुकानात आली. प्रत्येक सुराच्या मागे सदर बाजाराचे हॉर्न. संध्याकाळी तिने फोन केला की अंकल, बॅकग्राउंडचा गोंगाट मी साफ करून टाकते. साडू म्हणाले, हात लावायचा नाही. ‘‘हॉर्न काढले तं लोकाईले वाटन, दुसऱ्याच गावचं दुकान हाये.’’ त्यामुळे आजही त्या वेबसाइटवर कुठलीही पेटी ऐका, पंचमाच्या आसपास एक मोटरसायकल जाते.

पण खरं भांडण झालं ते नियमावरून. साडूंना वेबसाइटच्या दारातच प्रश्न हवा होता, ‘किती जण आहात?’ दाबायला आकडे. दोन किंवा जास्त दाबलं तर थेट साडूंच्या फोनवर व्हिडिओ कॉल, समोर मंडळी, इकडे साडू. एक दाबलं तर उत्तर, ‘मंडळी घेऊन या.’ आणि पान बंद.

श्रेयाने आधी हसून पाहिलं, मग समजावून पाहिलं, शेवटी हात जोडले. ‘‘अंकल, वेबसाइट लोग अकेले ही देखते हैं! फोन हाथ में एक ही आदमी के होता है!’’

‘‘तं बाकीच्याईले बोलाव म्हणा. आवाज द्या, येते लोक.’’

‘‘कोई नहीं आएगा, अंकल. जो आएगा उसको भी हम खुद भगा देंगे.’’

‘‘मी दुकानात तेच करतो, बेटा,’’ साडू शांतपणे म्हणाले, ‘‘आन् दुकान चाललं ना?’’

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण मी वरच्या पट्टीत बोलतो.

उद्घाटन दुकानाच्या शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. रिकाम्या फळ्यांमध्ये आम्ही नातेवाईक खेटून उभे होतो. नारळ कुठे फोडायचा यावर चर्चा झाली. लॅपटॉपवर नको एवढ्यावर एकमत झालं. सरकारी माणूस म्हणून बटण दाबायचा मान मला मिळाला. मी आयुष्यात बटण दाबणाऱ्यांच्या मागे पुष्कळदा उभा राहिलो आहे, स्वतः कधी दाबलं नव्हतं, त्यामुळे खोटं कशाला बोला, जरा ताठ झालो. पडद्यावर बाकाचा फोटो आला. ‘किती जण आहात?’ मी प्रामाणिकपणे ‘एक’ दाबलं. ‘मंडळी घेऊन या,’ असं लिहून आलं आणि पान बंद झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रेयाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी पाहिलेल्या उद्घाटनांपैकी हे एकच, ज्यात सांगितलं होतं तसंच घडलं.

त्यानंतर काहीच घडलं नाही. सदर बाजारातल्या इमारतीला हिरवी जाळी लागली. नव्या पत्त्याची पाटी साडूंनी भिंतीवर ठोकली होती, ती भिंतीबरोबरच गेली. बांगडीवाल्याला बाजूच्या गल्लीत तात्पुरतं दुकान मिळालं होतं, त्याच्याकडे त्यांनी नंबर देऊन ठेवला. पण तो बांगड्या भरणार की रस्त्यावरची माणसं ओळखणार? घरी खालच्या खोलीत साडू रोज अकराला इस्त्रीचा सदरा घालून बसत, समोर फोन उभा करून. फोन वाजला तो दोनदा. एकदा गंमत म्हणून एका पोराने ‘पाच’ दाबलं होतं. साडूंनी त्याला बाकीचे चौघं दाखव म्हणून सांगितलं, तो कॅमेरा कपाटाकडे फिरवून पळून गेला. दुसऱ्यांदा माझी बायको होती, बहिणीचा फोन लागत नव्हता म्हणून. श्रेयाने एकदा आकडे पाहून सांगितलं की रोज दोन-चार माणसं वेबसाइटवर येतात. सगळी ‘एक’ दाबतात. सगळी जातात.

साडू दुपारी स्कूटर काढून सदर बाजारात जायचे आणि हिरव्या जाळीसमोर उभे राहायचे, कोणी आलंच तर म्हणून. एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. बांगडीवाल्याने आम्हाला पाहून लांबूनच हात केला. ‘‘भैया, परसों आए थे दो-तीन लोग. एक बुजुर्ग भी थे. जाली देखे, थोड़ी देर खड़े रहे, फिर चले गए. मैं ग्राहक में था, आवाज देता तब तक निकल गए.’’

‘‘कोण गावचे होते?’’

‘‘पूछ नहीं पाया भैया.’’

साडूंनी स्कूटर वळवली. परत येताना सिग्नलला त्यांच्या मागचा माणूस हॉर्न वाजवत राहिला, त्याची पट्टीही त्यांनी सांगितली नाही. घरी आल्यावर पायऱ्यांवरच बसून त्यांनी श्रेयाला फोन लावला. ‘‘बेटा, तो सवाल काढून टाक. एकटा आला तरी येऊ दे.’’

मला वाटलं होतं पोरगी आनंदाने ओरडेल. ती एवढंच म्हणाली, ‘‘पक्का, अंकल?’’

‘‘हव,’’ साडू म्हणाले.

त्यांच्या आयुष्यातला तो पहिला पराभव असावा. ताईंनी त्या दिवशी मिक्सर लावला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे गेलो होतो. श्रेयाही आली होती, ताईंना वेबसाइटवरचे फोटो बदलायला शिकवत होती. चहा हातात होता तेवढ्यात साडूंचा फोन वाजला. पडद्यावर अर्धं कौलारू छप्पर, त्याखाली एका म्हाताऱ्या माणसाचं कपाळ आणि एक डोळा. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि म्हातारा त्याच्यापुढे वाकून बसला होता. सून लावून देऊन शेतावर गेली म्हणाला. पेटीवर दुकानाचं नाव कोरलेलं असतं, ते वाचून सुनेने शोधून काढलं होतं.

‘‘बाकीचे...’’ साडू सवयीने बोलून गेले आणि थांबले.

म्हातारा हसला. दुकान पाहायला आपण रायपूरला आलो होतो, जाळी पाहून परतलो, असं त्याने सांगितलं. बरोबर गावचे दोघं होते, पण ते बाजाराला आलेले, मंडळीतले नव्हेत. घरी येऊन फोनवर पाहिलं तर इथेही तेच. मग आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, ‘‘तुँहर दुकान ह कहिस, मंडली लेके आव. कहाँ ले लानवँ, भैया? मैं अकेल्ला बाँचे हँव.’’

मंडळी घेऊन या म्हणता, कुठून आणू? एकटाच उरलोय. तक्रार करावी तसा तो बोलला नाही. सातजण होतो, तुमच्या वडिलांनी आम्हाला पेटी दिली होती, तेव्हा तुम्ही मागे उभे राहून पाणी देत होता, एवढं सांगितलं. काही विकत घ्यायचं नव्हतं. पेटीचा एक सूर बोट उचललं तरी मध्येच अडकून वाजत राहतो आहे, तो एवढ्या लांबून ऐकून सांगता येईल का, हे विचारायला त्याने दोनदा दार वाजवलं होतं.

साडूंनी चष्मा काढून पुसला. मग एकदम दुकानातल्या आवाजात म्हणाले, ‘‘बइठव, बबा. अकेले कहाँ हो?’’ आणि आमच्याकडे वळून, ‘‘या इकडं सगळे. काहून पाहून राह्यले? सरका.’’ ताई लॅपटॉपसमोरून उठून आल्या. माझी बायको आली. श्रेयाने लॅपटॉप मिटला आणि फोन हातात धरून सगळे दिसतील असा लांब केला. मी चहाचा कप घेऊन मागे उभा होतो, मला ओढून खाली बसवलं. साडूंनी जवळची पेटी उघडून भाता सोडला.

म्हाताऱ्याने आपली पेटी जवळ घेतली आणि रामायणातली एक ओळ गायली, वनात निघालेल्या रामाची. या मंडळ्यांची रीत अशी की एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. त्याने ओळ म्हटली आणि सवयीने थांबला. साडूंनी ती उचलली, मागोमाग ताईंनी, मग आम्ही, ज्याला जसं जमेल तसं. श्रेयाला शब्द येत नव्हते, ती नुसता सूर धरून होती. म्हाताऱ्याच्या पेटीतला तो अडकणारा सूर मध्ये एकदा आला, साडूंनी बोट वर करून खूण केली आणि गाणं थांबू दिलं नाही.

त्याच्या गावात नेटवर्क बेताचं असावं. आमचा आवाज तिकडे उशिरा पोचत होता. तो ओळ म्हणायचा आणि थांबायचा, पडद्यावर स्थिर, किंचित मान कलती करून, कोणी आहे का ते ऐकत असल्यासारखा. आम्ही इकडे गाऊन मोकळे झालेले असायचो. मग केव्हातरी ते सगळं त्याच्यापर्यंत जायचं आणि त्याची मान हलायला लागायची. तेवढा वेळ तो प्रत्येक ओळीला थांबला.